थोरल्या बाईसाहेबांस शिरेवाटे अन्न पावले त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णेस नमन. उदरीं अग्नि ठेविला तिणेंच, राखिला तिणेंच. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, माघमासीं राज्यांत थोर संकट जाहले. थोरल्या बाईसाहेबांचे आंतडे रोगाने सुजून ठायीं ठायीं व्रण पडले, पेज घेतली तरी अंगी लागेना, आणि देह काडीसारखा जाहला. मग वैद्य केरोपंतांनी अर्ज केला की, "आंतड्यास विसावा द्यावा, तोंवर अन्न गळ्यानजीकच्या थोर शिरेतून रक्तांत पोहोचवावे." आज्ञा जाहली. शर्करा, तेलाचा स्नेह, क्षार, प्रथिने मिळोन दुधासारखा शुभ्र रस बंद पिशवीत सिद्ध केला आणि दरबारी एकच हर्ष जाहला. परंतु म्हाळोजी चाखणीस त्या हर्षांत सामील जाहले नाहीत. बाईसाहेबांचा घास आधी आपण चाखावा, मग पुढे करावा, हा त्यांचा पिढीजाद दरक, हुद्द्याचा मान. आणि आज त्यांच्या जिभेस वळसा घालोन अन्न जाणार! विष असले तर जाब कोणी द्यावा? ऐसे मनीं आणोन, केरोपंत हात धुवावयास गेले ते साधोन, म्हाळोजींनी पिशवीचे टोपण काढिले, नळीच्या मुखाशी जीभ लाविली, आणि थोर आवेशाने पुकारिले, "निर्धास्त असा! गोड आहे, मीठ अंमळ कमी!"

केरोपंत धावत आले. "म्हाळोजी, केलेत काय हे! हे अन्न थेट रक्तांत जाते. तुमच्या जिभेवरचे जंतु आंत गेले तर ज्वर चढून बाईसाहेब हातच्या जातील. ओता ती पिशवी मोरीत!" दुसरी सिद्ध होय तों बाईसाहेबांस ग्लानि आली, हातपाय गार पडले. म्हाळोजी पायांशी लोटांगण घालोन म्हणाले, "सरकार, माझे डोके मारा." बाईसाहेब क्षीण स्वरें वदल्या, "डोके राहू द्या. तोंडाला फडके बांधा आणि दारांत बसा. नळीस कोणी शिवता कामा नये."

मग म्हाळोजींनी दार ऐसे राखिले की खासे धाकटे सरकारही आंत शिरू पावले नाहीत. "अहो, मी पुत्र आहे!" "पुत्र असा, साबण तेथे आहे. कोपरापर्यंत!" पिशवीमागून पिशवी चढली, गालांवर मांस आले, आंतडे निवले, आणि चैत्रीं केरोपंतांनी पेजेस परवानगी दिली. वाटी दाराशी आली. म्हाळोजींनी हात धुतले, फडके सोडिले, वेगळा चमचा मागविला, आणि एक घोट घेतला. "काय हो, मीठ?" बाईसाहेब पुसत्या जाहल्या. "अंमळ कमी," म्हाळोजी डोळे पुसोन म्हणाले, "पण पुढे करतो."

तात्पर्य, आंतड्याची वाट मोडली असतां शिरेने राज्य तारिले, आणि चाखणीसांचा दरक त्यांस परत पावला. घडले तैसे लिहिले.