आधी भांडण सांग

लग्न ठरलेली मुलगी पेढे घेऊन दारात आली की माणसं विचारतात, मुलगा काय करतो, घर कुठं आहे. आमच्या सुमनकाकी पेढा तोंडात टाकतात आणि विचारतात, "भांडण कशावरून झालं?"

मुलगी गोंधळते. अजून झालंच नाही म्हणते. "मग कर आणि ये," असं म्हणून काकी तिला परत पाठवतात.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत लग्नाचे उखाणे काकीच बांधून देतात. भांडणाशिवाय उखाणा नाही, हा त्यांचा नियम. आणि उखाण्यात चांदी चालत नाही. कोणी चांदीची वाटी काढली की काकी तडक मालवणीवर येतात, "घरात स्टीलची ताटा, नि नाव घेताना चांदी खयसून इली?" पेडणेकरांच्या मुलीनं हॉटेलातलं भांडण सांगितलं, तेव्हा तिला मिळालं:

"सुरमई मागवते मी, हे मागवतात पनीर,
संकेतराव शांत स्वभावाचे, मीच जरा अधीर."

जावई मासे खात नाही, ही बातमी तोवर पेडणेकरांना कोणी दिली नव्हती. ते भर पंगतीत जिलबी हातात धरून बसून राहिले.

काकी रोज संध्याकाळी माझ्याकडे चहा घेऊन येतात. चहा कसला, पाकच. मला डायबेटिस आहे हे सांगून मी थकले. "साखर कमी घाला हो," म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक चमचा वाढतो. विक्षिप्त बाई, दुसरं काय, म्हणून मी सोडून देत असे.

काकी तरुणपणीच विधवा झाल्या. चाळीतल्या हळदीचं त्यांना आमंत्रण असतं, पण हळद लावायला पुढे कोणी बोलावत नाही. ओटी भरायला नाही, ओवाळायला नाही. तोंडानं कोणी नको म्हणत नाही, ताट फक्त त्यांच्यापाशी पोहोचत नाही. पण नाव घ्यायची वेळ आली की नवरी घाबरून त्यांच्याकडेच बघते आणि त्या मागे बसून ओठांनी पुढचा शब्द देतात. त्या मंगलकार्यात त्यांना तेवढीच जागा होती, आणि ती त्यांनी स्वतः कमावलेली होती.

यंदा ती जागा आमच्या शेजारच्या तन्वीनं फोनला दिली.

तन्वी वाईट पोरगी नाही. पेढे घेऊन माझ्याकडे आली, काकी बसलेल्याच होत्या. त्यांनी भांडण विचारलं, तर हसून म्हणाली, "काकी, तुम्ही कशाला त्रास घेता? एआय देतो ना."

"कोण तो?"

"फोनमध्ये असतो. काहीपण लिहून देतो."

"तेचा लगीन झालाहा?"

आम्ही पोट धरून हसलो. पहिल्या उखाण्यात फोननं चांदीचं ताट मोत्यांसकट मांडलं, तेव्हा काकीही हसल्या. "बघ, इली चांदी!" मग तन्वीनं फोनला भांडण सांगितलं. होणारा नवरा रोहन मेसेज वाचतो आणि उत्तर देत नाही. पापणी लवायच्या आत उत्तर आलं:

"मेसेज वाचून गप्प बसतात, निळी खूण दिसते,
रोहनरावांवर रुसता रुसता मीच आधी हसते."

काकींनी तो पुन्हा वाचायला लावला. "बरो केल्यान," एवढंच म्हणाल्या. कप उचलले आणि गेल्या.

नंतर माझ्याकडे चहा आला नाही. त्यांचं दार लोटलेलं. हाक मारली की आतून, "जरा पडलेय." मला तन्वीचा राग आला, मग फोनचा आला. पण उखाणा खरंच चांगला होता, आणि त्यामुळे रागवायचं तरी कोणावर ते कळेना.

हळदीच्या दिवशी काकी आल्या, पण चाळीच्या चौकाच्या कडेला, सरबताच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. पाटावर तन्वी, हातात तोच फोन. खेळ रंगात आला होता. प्रत्येकीनं नवऱ्याचं नाव आणि भांडण सांगायचं, फोन उखाणा देणार, तो म्हणून तिनं तन्वीला हळद लावायची. आमच्या ह्यांच्या घोरण्यावरही त्यानं दोन ओळी केल्या. फिरत फिरत पाळी सरबताच्या टेबलापर्यंत आली आणि तन्वी खेळाच्या भरात बोलून गेली, "काकी, आता तुम्ही! काकांचं नाव काय?"

तन्वीच्या आईनं हळदीची वाटी घट्ट धरली. रोहनच्या मावशीनं मान वळवली. आपण काय विचारलं ते तन्वीला कळलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. इतकी वर्षं आमची भिंतीला भिंत. साऱ्या चाळीच्या जावयांची नावं काकींना पाठ, आणि काकांचं नाव मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

काकींनी हातातला ग्लास खाली ठेवला. आता या निघून जाणार, असं वाटलं. त्या पुढे आल्या.

"आधी भांडण विचार गो."

तन्वी माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मीच विचारलं, "कशावरून झालं, काकी?"

त्यांनी पदर सारखा केला आणि नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

"चहात साखर कमी म्हणून कप सरकवून उठले,
दत्तारामरावांशी भांडण माझे अर्ध्यावरच तुटले."

"मिलमध्ये सकाळच्या पाळीक गेले, ते परत इले नाय," काकी तन्वीला म्हणाल्या. "कधीचो बांधून ठेवलंय. कोणी विचारूकच नाय."

तन्वीनं फोन पाटाखाली सारला. आईच्या हातातली वाटी ओढून घेतली आणि काकींपुढे धरली. "नाव घेतलंत ना? मग लावा हळद."

तिची आई काहीतरी बोलायला गेली. तन्वीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकींची बोटं वाटीवर येऊन थांबली.

"लावा ना, काकी."

मग त्यांनी त्या पोरीच्या गालांना इतकी हळद फासली की ती शिंकायला लागली. मी सरळ रडले, लपवलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकी चहा घेऊन आल्या. पहिल्यासारखाच, पाक. मी एका दमात कप रिकामा केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्यात वाकून नीट पाहिलं, आणि मग स्वतःचा कप उचलला.