दृष्टी असल्याबाबतचा दाखला

अवजड वाहनाचे चाक ज्याच्या हाती आहे त्याच्या शरीरात काय चालले आहे, हे सरकारला ठाऊक असणे हा सुव्यवस्थित राज्यकारभाराचा पाया होय. ते त्या माणसाला स्वतःला ठाऊक असून भागत नाही. ठाऊक असणे ही खाजगी बाब आहे. नोंद असणे ही सार्वजनिक.

१९५७ साली मी चांदा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कारकून होतो. (दवाखान्याचे नाव सांगत नाही, माझे पेन्शन अजून सुरू आहे.) आदल्या वर्षी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. आम्ही जागचे हललो नव्हतो, पण शिक्के बदलले आणि शिक्क्यांबरोबर ट्रक ड्रायव्हरांच्या वैद्यकीय तपासणीचा एकोणीस रकान्यांचा नवा फॉर्म आला. फॉर्म मुंबईस बसून फार विचारपूर्वक तयार केलेला होता. चौकातील तांबडा व हिरवा दिवा वेगळा ओळखता येतो काय, असा सातवा रकाना होता. (जिल्ह्यात असा दिवा एकही नव्हता. बऱ्याच गावांत कसलाच नव्हता.) ट्रामगाडीची घंटा ऐकू येते काय, असा अकरावा होता. तिथे आम्ही सर्वांना सरसकट ‘होय’ लिहीत असू, कारण ऐकू येत नसल्याची तक्रार कोणाचीच नव्हती.

पहिल्या वर्षी त्रेचाळीस ड्रायव्हरांचे अर्ज आले. एकेचाळीस पात्र ठरले. अपात्र दोन : एक तपासणीच्या आदल्या आठवड्यात वारला होता, आणि दुसरा लालसू.

लालसू हा आलापल्लीकडच्या जंगलगावचा. वय अदमासे चाळीस. डेपोवर ओंडके चढवायला म्हणून आला आणि तिथे इसरू नावाच्या, मूल गावाकडच्या ड्रायव्हरने त्याला चाक धरायला शिकवले. पुढे इसरूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एके दिवशी समोरची म्हैस त्याला म्हैस म्हणून ओळखू आली नाही. त्या दिवशी तो आपण होऊन ट्रकमधून उतरला, वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढला आणि क्लीनरच्या जागेवर बसला. लालसू चाकावर सरकला. असे नऊ वर्षे चालले. त्या नऊ वर्षांत त्या ट्रकखाली कोंबडीसुद्धा आली नाही. अर्थात याची नोंद कुठेही नव्हती, त्यामुळे आम्ही ती विचारात घेतली नाही.

नवा नियम आल्यावर ठेकेदाराने दोघांनाही आमच्याकडे पाठवले. ज्याच्याकडे दाखला तो चाकावर, असे त्याने सांगितले होते. दोघांनाही दाखला मिळाला नाही तर ट्रक दुसऱ्याला जाणार होता.

दृष्टीच्या तपासणीसाठी आमच्याकडे इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता. तो वीस फुटांवरून वाचायचा असे. खोली अकरा फुटांची होती, म्हणून उमेदवार व्हरांड्यात उभा राही आणि आमचा शिपाई बिरजू अंगणात तक्ता छातीशी धरून उभा राही. डॉक्टरसाहेब बिरजूच्या बाजूला उभे राहून छडीने एकेक अक्षर दाखवत. बिरजूला वाचता येत नव्हते. पण सात वर्षे सरकारी नोकरीच्या उमेदवारांची अक्षरे ऐकून त्याला तक्ता पाढ्यासारखा पाठ झाला होता. तो ड्रायव्हर लोकांना आदल्या दिवशी फाटकाजवळ बसवून शिकवी. त्याबद्दल तो पैसे घेत नसे. मध घेत असे.

इसरू आणि लालसू दोघेही त्या वर्गाला बसले होते. इसरूने तीनदा म्हणून पाठ केले. लालसू ऐकत राहिला आणि शेवटी त्याने बिरजूला विचारले, “यातला कोणता कोण आहे?”

“ते मले काय मालूम,” बिरजू म्हणाला. “म्हणत जा सरळ. साहेब थांब म्हणते तवा थांबायचं.”

“जे मले समजत नाई ते मले दिसते म्हणून कसं सांगू?” लालसू म्हणाला, आणि उठला. हा प्रसंग मी खिडकीतून पाहिला. त्याच वेळी माझ्या ध्यानात आले की हा इसम अपात्र ठरणार.

दुसऱ्या दिवशी इसरू व्हरांड्यात उभा राहिला. अंगण कोणत्या बाजूला आहे हे त्याला लालसूने खांद्याला धरून दाखवले. इसरूने एका दमात सातही ओळी म्हटल्या आणि दम उरला होता म्हणून खालचे कलकत्त्याच्या छापखान्याचे नावही म्हटले. ते नाव डॉक्टरसाहेबांनाही हातभर अंतरावरून भिंगाशिवाय दिसत नसे. (एका जुन्या डॉक्टरांनी नवीन तक्ता मागवताना ते मोठ्याने वाचले होते, तेवढ्यावर बिरजूने ते उचलले.) डॉक्टरसाहेबांनी बाराव्या रकान्यात ‘असामान्य’ असा शेरा लिहिला. आमच्या दवाखान्याच्या इतिहासात तो शेरा एकदाच पडला आहे.

मग लालसू.

“पहिलं अक्षर?” साहेबांनी विचारले.

“दोन खांब हायेत अन् मंधात आडवी काडी.”

“अक्षर सांग.”

“नाव नाई मालूम साहेब. त्याच्या बाजूले एक वाकडा खिळा. मग गोल. तो गोल उजव्या अंगानं पुसट झाला आहे, बिरजूचा अंगठा लागून लागून.”

साहेब न्यायी होते. त्यांनी छापखान्याच्या ओळीपर्यंत छडी नेली. लालसूने तिथली माशीची घाण वर्णन केली. पण रकाना वर्णनाचा नव्हता, वाचनाचा होता. उच्चारलेली अक्षरे : शून्य. म्हणून दृष्टी : शून्य.

रंगांच्या चाचणीत त्याला हिरव्या लोकरीचा गुंडा दाखवला. तो म्हणाला, “हा बांबूचा हिरवा नाई. सागाचाबी नाई, साग असा श्रावणातबी नाई होत. हा तेंदूच्या जवळचा आहे, पण तेंदू थोडा पिवळा मारते.” फॉर्मात हिरवा एकच होता. ‘रंगांबाबत संभ्रम’ अशी नोंद झाली.

अशा रीतीने लालसूला दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध असल्याचा दाखला मिळाला. मी स्वतः तो सुवाच्य अक्षरात लिहिला. दाखला घेऊन तो फाटकाबाहेर गेला, आणि त्याने इसरूचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून दिला.

त्यानंतर ट्रकमध्ये एवढाच बदल झाला की दोघांनी जागा बदलल्या. इसरू चाकावर बसू लागला आणि लालसू डाव्या खिडकीशी. नियमाला जे हवे होते ते चाकामागे होते, आणि ट्रकला जे हवे होते ते खिडकीपाशी. दोन महिने कोणाचीच तक्रार आली नाही.

जानेवारीत डॉक्टरसाहेब आणि मी सिरोंच्याला तपासणीसाठी गेलो होतो. परतताना आलापल्लीच्या अलीकडे आमच्या जीपचा आस मोडला. जीपच्या ड्रायव्हरला तिथेच ठेवून आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. दुपारचे चार वाजले होते. ओंडक्यांनी लादलेला एक ट्रक आला आणि आमच्यापाशी थांबला. चाकावर इसरू होता.

साहेबांना आनंद झाला. “असामान्य दृष्टीचा माणूस आहे,” ते मला म्हणाले. मधल्या जागेत आम्ही दोघे कसेबसे बसलो. साहेबांनी खिडकीची जागा मागितली. लालसूने ती दिली नाही.

“साहेब, मले इथीच बसू द्या,” तो म्हणाला. “वारा लागते.” साहेबांनी आंधळ्याच्या हट्टाकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष केले.

ट्रक चालू लागला तसा लालसूही चालू लागला; म्हणजे बोलू लागला. “डावं. थोडं डावं. आता सीधा. समोर बैलगाडी, शंभर हातावर. हळू कर. गेली. खड्डा आहे, उजवं घे.” हे तो इतक्या सवयीने बोलत होता की साहेबांना आधी तो मंत्र पुटपुटतो आहे असे वाटले. दोन मैलांनंतर त्यांनी बोलणे बंद केले. तीन मैलांनंतर त्यांनी माझा गुडघा धरला.

एका नाल्यावर लाकडी पूल होता, कठडे नसलेला. “थांब,” लालसू म्हणाला. इसरूने ब्रेक दाबला. लालसू उतरला, पुलावर जाऊन वाकून पाहून आला. “उजव्या अंगाच्या दोन फळ्या गेल्या आहेत. डावं चाक अगदी कडेवरून न्या लागते. चार बोटं जागा राह्यते.”

इसरूने चाकावरचे हात काढले. “हे मले नाई होत, लालसू. तूच घे.”

“काऊन नाही होत?” साहेबांनी विचारले. त्यांच्या तोंडी ही बोली मी प्रथमच ऐकली.

“साहेब, मले पूल दिसून नाई राह्यला,” इसरू म्हणाला. त्याचा आवाज फार शांत होता. “तुमीबी नाई दिसत. पांढरं पांढरं दिसते नुसतं.”

“मग तू तक्ता वाचलास तो?”

“पाठ होता. बिरजूनं शिकवला.”

नाल्यापलीकडे ऊन सागांच्या शेंड्यांवर गेले होते. मग साहेब लालसूकडे वळून म्हणाले, “तू चालव.”

“मी आंधळा आहो साहेब.”

हे तो उपरोधाने म्हणाला नाही. त्याने खिशातून मेणकापडात जपून ठेवलेला दाखला काढला आणि साहेबांपुढे धरला. “पुढं नाका आहे. तिथला मुन्शी कागद मागते. आंधळा माणूस चाकावर सापडला तर मले नेतील अन् इसरूभाऊचा कागदबी जाईन. तुमी एवढं लिहून द्या, लालसूले दिसते. तेवढंच. मी पूल ओलांडून देतो, अन् चांद्यापावतर नेतो.”

साहेबांनी पेन काढले. कोरा कागद माझ्याच बॅगेत होता. पेनाचे टोपण काढून ते बराच वेळ तसेच बसले. लालसूला दिसते असे लिहिले, तर आधीचा दाखला खोटा ठरत होता. तो खोटा, तर तक्ता खोटा. आणि तक्ता खोटा, तर एकेचाळीस पात्र ड्रायव्हर त्या क्षणी रस्त्यांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. सल्ला देणे माझे कर्तव्य होते. मी म्हणालो, “फेरतपासणीचा नमुना वेगळा आहे, साहेब. तो आत्ता आपल्याजवळ नाही. आणि शिक्का दवाखान्यात आहे.”

साहेबांनी पेनाला टोपण लावले. त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका मला दिसली तिचा मला अनेक वर्षे अभिमान वाटत आला आहे.

लालसूने दाखला घडी घालून परत खिशात ठेवला. “बरं. तुमी दोघं पायी पलीकडे जा,” तो म्हणाला.

आम्ही पुलाची पाहणी करण्याच्या निमित्ताने पायी पलीकडे गेलो. लालसू पुलाच्या सुरुवातीला ट्रककडे तोंड करून उभा राहिला आणि एकेक पाऊल मागे टाकत चालू लागला. मागे न पाहता. दोन्ही तळहात वर धरून तो बोलत होता : “ये. ये. डावं, एक बोट. बस. सीधा. इसरूभाऊ, माझ्या आवाजावर ये.” ट्रकचे तोंड त्याच्या छातीपासून चार हातांवर होते. गेलेल्या फळ्यांच्या भगदाडापाशी त्याने पाठीमागे न बघता पाय लांब टाकला. मागचे चाक त्या जागेवरून येताना आणखी एक फळी मोडली आणि ओंडके करकरले. इसरूने गाडी थांबवली नाही, कारण लालसूने ‘थांब’ म्हटले नव्हते.

ट्रक पलीकडे आला. इसरू उतरला आणि रस्त्याच्या कडेला खाली बसला.

“मी तुले मारलं असतं आज,” तो म्हणाला.

“नाई मारलं ना,” लालसू म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसला. “पानी पे.”

“आता मी चाक नाई धरत.”

तरीही आम्हाला चांद्यापर्यंत त्यानेच आणले, कारण दुसरे कोणी पात्र नव्हते. पोचल्यावर त्याने आपला दाखला माझ्या टेबलावर ठेवला. मी त्याला समजावले की पात्रतेचा दाखला परत घेण्याची तरतूद नाही. तो मुदत संपेपर्यंत पात्रच राहील. तो दाखला तिथेच ठेवून मूलकडे आपल्या भावाच्या शेतावर निघून गेला. मी त्याची ‘बेवारस कागद’ म्हणून आवक नोंद केली.

लालसू दुसऱ्या दिवशी आला. मी दगडाच्या काळजाचा माणूस नाही. मी त्याला बाजूला घेऊन म्हटले, “अरे, बिरजूकडून पाठ कर. मुदत बघून पुन्हा बोलावतो.”

“पाठ नका करवू बाबूजी,” तो म्हणाला. “अक्षरं शिकवा. मी बसतो इथी. रोज येतो.”

त्याने खरोखरच व्हरांड्यात बैठक मारली. माझ्यासमोर टाक होता, पाटी बाजारात मिळत होती, आणि दुपारी दवाखान्यात काम नसे. पण साक्षरता हा शिक्षण खात्याचा विषय आहे. मी त्याला शाळा तपासनिसांच्या कचेरीचा पत्ता सांगितला. तो काही वेळ माझ्याकडे पाहत बसला. त्याची दृष्टी फारच चांगली होती. मला नजर खाली करावी लागली. मग तो उठून गेला. पुढे तो जंगलातून डेपोपर्यंत बैलगाडीने लाकडे ओढतो असे कळले.

ट्रक एका तरुण ड्रायव्हरकडे गेला. त्याने तक्ता अस्खलित म्हटला होता. पावसाळ्याच्या तोंडावर ट्रक त्याच पुलावरून खाली गेला. ड्रायव्हर वाचला, डावा पाय गेला. चौकशीत त्याचा दाखला तपासण्यात आला आणि तो निर्दोष आढळला. दोष पुलाचा ठरला. पुलाची वैद्यकीय तपासणी झालेली नव्हती. डॉक्टरसाहेबांना बढती मिळाली आणि त्यांच्या शिफारशीवरून नवीन तक्ता आला. बिरजूला तो पाठ व्हायला पंधरा दिवस लागले.

हे सर्व मी आज सांगतो आहे, कारण आता कोणाचे काही बिघडत नाही. आपणही इथवर आलात, एकही अक्षर न अडखळता. आमच्या नियमानुसार आपली दृष्टी उत्तम आहे, आणि तसा दाखला मी कोणत्याही वाचकाला डोळे मिटून लिहून देईन. वाचताना आपल्याला काय दिसले, ते कृपया सांगू नये. त्याला रकाना नाही.