बॉयलर नेहमी सहावर असतो

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं. गरज कुणालाच नव्हती. पण शेजारच्या जंगलात तीन होती, म्हणून यांनीही एक काढलं.

तिथे कूर्मे सर नावाचे एक कासव यंत्रशास्त्र आणि उष्णताशास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेत एक बॉयलर होता. दर पाव तासाने त्याच्या काट्यावर वाफेचा दाब पाहायचा आणि जर्नलमध्ये लिहायचा, एवढाच प्रयोग. उत्तर सहा यायचं. गेली बावीस वर्षं सहाच येत होतं, कारण मुलं गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवायची. तेवढाच बॉयलरकडे पाहण्याचा वेळ वाचायचा.

त्या वर्षी सगुणा नावाची साळू आली. साळूंच्या सात पिढ्यांत कॉलेजात गेलेली ही पहिली. बिचारीला रीत माहीत नव्हती. तिने काटा पाहिला आणि सात लिहिलं. पुढच्या वेळी आठ.

कूर्मे सरांनी जर्नल परत सरकवलं.

"हे काय, आठ?"

"सर, काटा आठवर आहे. वाफ कोंडतेय. शिट्टीचा व्हॉल्व्ह कुणीतरी वेलीने बांधलाय."

"मीच बांधलाय. शिट्टी वाजली की तास डिस्टर्ब होतो. तू सहा लिही."

"पण सर..."

"सही हवी ना? सही नाही तर टर्म ग्रँट नाही. मग परीक्षेलाही बसू नकोस."

सगुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला प्रवेश मिळाला तेव्हा आईने बिळाबिळांतून कंद वाटले होते. आता घरी काय सांगणार?

शेजारचा कोल्हा कुजबुजला, "अगं, सहा लिहून मोकळी हो. आम्ही पुढच्या आठवड्याचंही लिहून ठेवलंय."

सगुणाने पुन्हा पाहिलं. काटा नऊवर होता. तिने नऊ लिहिलं, अंगावरचे काटे फुलवले आणि सगळ्यांना टोचत टोचत मैदानात हाकललं. सरांना तर ढकलत न्यावं लागलं.

पाठोपाठ बॉयलर फुटला. छप्पर उडून नदीपलीकडे पडलं. कुणाला साधं खरचटलंही नाही.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष अर्थातच कूर्मे सर. समितीने साठ जर्नलं तपासली. एकोणसाठांत सहा होतं. सहाच्या दाबाला बॉयलर फुटत नाही, असं पुस्तकातच दिलंय. नऊला फुटतो. आणि नऊ फक्त एकाच जर्नलमध्ये सापडलं.

सगुणाचं नाव त्याच दिवशी कॉलेजातून कमी झालं. वाचलेले एकोणसाठजण तिला निरोप द्यायलाही आले नाहीत. मला याचं अजून वाईट वाटतं. पण त्यांचं सबमिशन होतं.

तात्पर्य: जर्नलमध्ये खरं रीडिंग कधीही लिहू नये. त्याने बॉयलर फुटतात.