कुंडलिकचा डावा हात

भोरच्या पेठेत आनंदरावांच्या वाद्यांच्या दुकानात कुंडलिक जुन्या पेटीपुढं मांडी घालून बसला, तेव्हा त्याच्या कपाळावर दव धरावं तसा घाम होता. मार्गासनीच्या गायन पार्टीत तो आजवर तुणतुणं छेडत, एक हात कानावर ठेवून गाणाऱ्यामागं झिलीचा लांब सूर ओढत आला होता. एका तारेवर जन्म सुखात चालला होता. पण पार्टीचा म्होरक्या भिमा म्हणाला होता, "दादा, शिवऱ्याच्या पार्टीत पेटी आली. जयंतीला आपलं तुणतुणं ऐकून लोक हसतील. पेटी आणा, न्हाईतर औंदा तुमी खाली बसून ऐका."

खाली बसून ऐकायचं, त्यापेक्षा त्यानं बोकड विकला होता.

"वाजवा की," त्याची बायको फुलाबाई म्हणाली. बोकड विकल्याचे पैसे तिच्या कनवटीला होते.

शाळेतल्या मास्तरांच्या पेटीवर त्यानं बोटं गिरवली होती, त्यामुळं चाल जमली. पण ध्रुपद आलं, आणि डावा हात भाता सोडून थेट कानावर गेला. मान वर झाली, "जी जी रं जी" असा लांब सूर निघाला, आणि पेटी उसासा टाकून गप्प झाली.

"हात का काढला?" आनंदरावांनी विचारलं.

"म्या कुठं काढला? त्यो गेला."

पुन्हा वाजवलं. पुन्हा गेला.

"तुम्हाला पायपेटी हवी, पाव्हणं. भाता पायानं मारायचा, हात मोकळा." आनंदरावांनी किंमत सांगितली, तशी फुलाबाईनं कनवट मुठीत धरली.

"आन् ह्यो बुलबुल?" फुलाबाईनं पट्ट्या लावलेल्या तारांच्या वाद्याकडं बोट दाखवलं.

"त्यालाही दोन हात लागतात."

फुलाबाईनं नवऱ्याच्या हाताकडं नाठाळ खोंडाकडं बघावं तसं बघितलं. "हीच पेटी द्या. हात काय, बांधून घालता येतो."

घरी सराव सुरू झाला. ती चुलीपुढून भाकरी थापता थापता सांगायची, "ती पट्टी न्हवं, तिच्या शेजारची." बोटं सुधारली. हात मात्र सुधारला नाही.

जयंतीला भोरच्या मांडवात दिवेलागणीला शिवऱ्याची पार्टी गाऊन उतरली आणि मार्गासनीची चढली. कुंडलिकचं डावं मनगट जुन्या लुगड्याच्या चिंधीनं भात्याला जखडलं होतं. पहिलं कडवं नदीच्या पाण्यासारखं वाहिलं. भिमानं मागं वळून मान डोलावली. मग ध्रुपद आलं.

हात उठला. चिंधी पक्की होती, गाठ फुलाबाईची होती. त्यामुळं हाताबरोबर पेटीही उठली आणि तिचा कोपरा भिमाच्या कमरेत बसला. भिमाचा सूर अर्ध्यात तुटला. शिवऱ्याची मंडळी तोंडाला उपरणं लावून बसली.

"दादा," भिमा दात आवळून पुटपुटला, "उतरा खाली."

कुंडलिकला उतरताही येईना. तो पेटीला बांधलेला होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं फुलाबाई उठली. पदर खोचून वर आली, दातानं गाठ सोडली आणि भाता आपल्या हातात घेतला. "म्हणा भावजी," ती भिमाला हळूच म्हणाली. "लोकं उठायच्या आत."

भिमानं सूर उचलला. उजव्या हातानं कुंडलिक वाजवत होता, डावा कानावर निवांत होता, आणि झील अशी चढली की मांडवाचं कापड थरारलं. तिसऱ्या कडव्याला तर त्याचं भान हरपलं. उजवा हातही पट्ट्या सोडून वर गेला. पण पेटी थांबली नाही. फुलाबाईची बोटं पीठ मळावं तशी सहज पट्ट्यांवर फिरत होती.

टाळ्या थांबल्यावर शिवऱ्याचा म्होरक्याच पुढं आला. "पेटीवाल्या बाई कुणाच्या?" त्यानं विचारलं.

"आमच्या पार्टीच्या," भिमा घाईनं म्हणाला. "कायमच्या."

कुंडलिकनं पेटीकडं बघितलं. "मंग म्या खाली बसू?"

"खाली कशापायी? झील कोण धरंल?"

"आन् हात?"

"कानावर ठेवा."

"कंचा?"

"दोन्ही ठेवा, दादा," भिमा म्हणाला.