तो गंज की ती गंज

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, शेवगावकडच्या एका कचेरीच्या आवारात, साहेबांच्या मोटारीचा तळ गळून पडला. त्याबरोबर साहेबांच्या डाव्या पायातली चप्पलही गेली. चपलेची नोंद झाली. तळासाठी वहीत रकानाच नव्हता.

मोटार अडतीस सालची, कुणा गोऱ्या साहेबानं जाता जाता सोडून दिलेली. ड्रायव्हर सहादेव तिला रोज गंध लावी आणि रात्री कीर्तनात ऐकलेलं दिवसभर तिला ऐकवी. साथीला दरवाजे होतेच. ते टाळ कधी चुकवत नसत.

शांतवन मिस्त्री गाडीखाली शिरला आणि शिंकत बाहेर आला.

"सहादेवभाऊ, ही निव्वळ रंगावर उभी हाय. पत्रा न्हाई, आडवी पट्टी न्हाई. सामान द्या, दोन दिसांत नवं बसवतो."

घाई करणं भाग होतं. दुष्काळाचं साल, वरून हुकूम आला होता की महिनाअखेर जी गाडी रस्त्यावर नसेल ती मोडीत काढावी, आणि तिच्या ड्रायव्हरची जागाही.

हेडक्लार्क काकासाहेबांनी नियम वाचून दाखवला: नवा भाग हवा असल्यास जुना आधी जमा करावा. सहादेवानं तो वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून आणला.

"हा भाग आहे?"

"व्हय. एवढाच ऱ्हायलाय."

"हा भुगा आहे, सहादेव. भागाला लांबी-रुंदी असते. असं कर, लेखी दे."

सहादेवानं लिहून दिलं: 'सरकारी मोटारीखाली लई गंज आहे. साहेबांनी लक्ष घालावे.'

आता ऐका हं मंडळी. त्या साली गुरांना काडी मिळत नव्हती आणि कडबा दडवणाऱ्यांचा शोध चालू होता. टपाल वाटणाऱ्याला अर्जात 'गंज' दिसली आणि त्यानं तो बिनचूक चारा विभागाकडे धाडला. कडब्याची गंज, म्हणजे रचलेली रास, तीही सरकारी मोटारीखाली! चौथ्या दिवशी चारा निरीक्षक, एक पंच आणि तीन रिकाम्या बैलगाड्या दारात हजर. मागोमाग बायडाबाई आपली म्हैस घेऊन आली, आणि म्हशीमागं अर्धा गाव.

"कडबा कुठाय?" निरीक्षकांनी दरडावलं.

"साहेब, ती गंज न्हाई. तो गंज. लोखंडाचा."

"तो की ती, हे अर्जात का नाही लिहिलं?"

"'लई' लिहिलंय की साहेब!"

"तो असू दे न्हायतर ती," बायडाबाई मधे पडली, "माझी म्हस खाईल का तेवढं सांग, मेल्या!"

म्हशीनं मोटारीखाली तोंड घातलं, हुंगलं आणि पाठ फिरवली. तज्ज्ञ म्हणून तिचंच मत ग्राह्य धरण्यात आलं. पंचनामा झाला: 'मोटारीखाली कसून तपास केला. गंज नाही.'

तो वाचून काकासाहेबांचा चेहरा खुलला. "सुटलास! गंज नाही म्हणजे भाग शाबूत. शाबूत भागाच्या जागी नवा कशाला? मोटार धडधाकट आहे, काढ रस्त्यावर. दुसरा पंच कमी आहे, तू कर सही."

"पर काकासाहेब, गंज तर..."

"जागा हवी का गंज हवा?"

सहादेवानं सही केली.

दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर निघाले. बैठक टेकायला खाली काही नव्हतं, म्हणून मागं साहेब आणि पुढं सहादेव, दोघंही मोटारीच्या आतून चालत होते. इंजिन चालू ठेवलं होतं, कारण दौरा मोटारीनंच करायचा असतो. रस्त्यावरची माणसं रामराम घालत होती. काचेत साहेबांचा चेहरा दिसत होता. खाली वाकून पाय कोण बघतो?

दिवेलागणीला मारुतीच्या पारावर कीर्तन होतं. साहेब पुढच्या रांगेत तळवे चोळत बसले. बुवा रंगात आले होते. चिपळ्या थांबवून त्यांनी विचारलं, "बाबांनो, देवासमोर खरं सांगा. कुणाकुणाच्या मनाला गंज चढलाय? हात वर करा!"

साहेब कळस न्याहाळू लागले. काकासाहेबांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. सहादेवाचा हात खांद्यापर्यंत आला, आजूबाजूला कुणाचाच वर नाही असं पाहून कानाकडे वळला आणि कान खाजवू लागला.

"वा!" बुवा खळखळून हसले. "म्हणजे अख्ख्या गावात गंज नाही! बोला, पुंडलिक वरदे..."

गजर मोठा झाला. सगळ्यांनी झटकन हात वर केले.

आणि तुमचा, वाचता वाचता, मघाशी कुठं होता?