दातांच्या डॉक्टरांनी मोटार उघडली

"माणसाच्या तोंडात धड उजेड नसतो, जीभ सारखी मधे लुडबुडते, तरी तिथे मी पंचवीस वर्षं बारीक काम करतोय. ही तर चांगली ऐसपैस मोटार! हिला जीभही नाही!"

दातांचे डॉक्टर हे बोलले तेव्हा मोटार घरामागच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. साठ वर्षांपूर्वीची, ब्रिटिश बनावटीची, दोनच माणसांची. तिचा मूळ रंग कोणता यावर घरात एकमत नव्हतं. गंज मात्र सगळ्यांना सारखाच दिसत होता.

"भावोजी, माझं ऐका," मेहुणा म्हणाला. त्याने तसलीच गाडी, कुणीतरी नव्यासारखी करून ठेवलेली, आयती विकत घेतली होती. "किल्ली फिरवायची आणि निघायचं. कशाला डोक्याला ताप?"

"तू कवळी विकत घेतलीस," डॉक्टर म्हणाले. "मी मूळचा दात वाचवतोय!"

डॉक्टरांची बायको पोस्टात पोस्टमास्तर. तिने एवढंच विचारलं, "अहो, मी रिटायर होईपर्यंत होईल ना?"

"होईल म्हणजे? त्या दिवशी पोस्टाच्या दारातून तुला ह्याच गाडीने घरी आणतो! शब्द दिला!"

हातात आठ महिने होते.

पहिला महिनाभर एक नट हलेल तर शपथ! डॉक्टरांचे पाने मिलिमीटरचे आणि गाडी इंचांची, हे उशिरा कळलं. मग इंचांचे पाने आले आणि डॉक्टरांच्या अंगात आलं. आठवड्यात गाडीचं हाडन् हाड सुटं! हेडलाइट कपड्यांच्या कपाटात, स्टिअरिंग पलंगाखाली, कार्ब्युरेटर दवाखान्यातल्या ट्रेमध्ये.

एकदा खुर्चीत पेशंट आ करून बसलेला असताना गॅरेजवाल्याचा फोन आला.

"आतून पार सडलंय म्हणता?" डॉक्टर फोनवर ओरडले. "मग हातोडीच घालतो! नाहीच निघालं, तर कापून टाकू सगळं!"

फोन ठेवून वळले, तर खुर्ची रिकामी! पेशंट गळ्यातल्या रुमालासकट जिना उतरून गेला होता.

तरीही पोस्टमास्तर बाईंच्या निरोपसमारंभाच्या दिवशी गाडी सुरू झाली! चुलीसारखी धूर ओकत का होईना, पण झाली. डॉक्टरांचे डोळे भरून आले. टाय बांधून एकटेच निघाले.

पहिल्या चौकात हवालदाराने हात दाखवला. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. भोंऽऽ!

"हॉर्न कशाला वाजवता? मी उभा दिसत नाही?"

"साहेब, मी हॉर्न वाजवत नाही, ब्रेक दाबतोय!" वायरिंग डॉक्टरांनी स्वतः केलं होतं.

"दाबून दाखवा."

भोंऽऽ!

"माझी थट्टा करता?"

"नाही हो! हा बघा, सोडला." आणि रस्त्याला होता उतार. गाडी सरळ हवालदाराच्या अंगावर निघाली.

"अहो, दाबा! दाबा!"

भोंऽऽ!

शेवटी हवालदारानेच शिट्ट्या फुंकत रस्ता मोकळा केला आणि हात जोडले.

पोस्टाच्या पायरीवर बाई फुलांचा गुच्छ घेऊन उभ्या होत्या. मागे सगळा स्टाफ. मेहुणाही आपली चकचकीत गाडी घेऊन हजर. एक लांबलचक भोंगा वाजवत डॉक्टर थांबले.

"केलीत की हो तुम्ही!" बाई पायरी उतरून आल्या. इतके महिने त्यांनी पलंगाखालचं स्टिअरिंग मुकाट्याने सोसलं होतं.

डॉक्टरांनी ऐटीत त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

आत सीट नव्हती. नुसता पत्रा!

सीट शिवायला टाकलेली. शिवणाऱ्याने दोनदा निरोप धाडला होता. पण शेडमध्ये गाडीत बसून बघताना डॉक्टर नेहमी एकटेच, त्यामुळे दुसऱ्या सीटची आठवण व्हायचं कारणच पडलं नाही. टाळ्यांसाठी वर आलेले स्टाफचे हात तसेच राहिले.

बाईंनी पत्र्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि गुच्छ त्याच्या हातात दिला.

"उतरा."

"अगं, पण..."

"तुम्ही गाडीने घरी आणायचा शब्द दिलाय ना? मग मी गाडीनेच जाणार. पोस्टाची व्हॅन चालवलीये मी, उतरा!"

आणि बाई निघाल्या! कोपऱ्यावर ब्रेक, भोंऽऽ! पुढच्या वळणावर ब्रेक, भोंऽऽ! रस्त्यातली माणसं बाजूला होऊन हात हलवू लागली. स्टाफने टाळ्यांचा कडकडाट केला.

पायरीवर गुच्छ धरून उभ्या असलेल्या डॉक्टरांपाशी मेहुण्याची गाडी अलगद येऊन थांबली. दार उघडलं.

"बसा, भावोजी. हिला दोन सीटा आहेत."

डॉक्टर बसले. सीट अतिशय मऊ होती, आणि त्यांना जास्त राग आला तो त्याचाच!