बारा नंबरची कात्री

साहेब, तुम्ही आयुष्यात एकदा तरी कात्री हातात धरली आहे का? उद्घाटनाची फीत कापायची नव्हे, कापड कापायची. धरली असती, तर लखनौच्या उबदार खोलीत बसून 'शिवणकामाच्या कात्रीचे आयुर्मान तीन वर्षे' असं लिहिताना तुमचा हात अडखळला असता. तो अडखळला नाही. तुम्ही सही ठोकलीत, खाली लफ्फेदार रेघ ओढलीत आणि तो कागद पाठवलात कुठे, तर मेरठला. जिथे आजोबाची कात्री नातू चालवतो आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही, त्या मेरठला! तुमच्या त्या एका कागदाने कमरजहाँ आपाच्या जिवाला दीड दिवस कसा घोर लावला, ते आधी ऐका. प्रश्न शेवटी आहे, आणि त्याचं उत्तर द्यावं लागेल.

कमरजहाँ आपा सरकारी शिलाई केंद्रात मुलींना बेतायला शिकवत. केंद्रात कात्र्या होत्या बारा, आणि सगळ्याच्या सगळ्या बोथट. कापड कापायचं सोडून चावायच्या. आपाने धार लावून घेण्यासाठी तीन अर्ज केले. तिन्ही अर्जांना एकच उत्तर आलं, 'धार लावणे या बाबीसाठी तरतूद नाही. नवीन खरेदीचा प्रस्ताव पाठवावा.' तेव्हा आपाने कपाळाला हात लावला आणि घरून आपल्या अब्बांची कात्री आणली.

मकबूल मास्टरांची ती दहा इंची, पितळी मुठीची कात्री. मास्टरांनी तिच्यावर चाळीस वर्षं शेरवान्या बेतल्या, त्यांच्यानंतर आपाने वीस वर्षं सलवार-कमीज. कात्रीचे नियम कडक होते. कागदाला लावायची नाही, अगदी वर्तमानपत्रालासुद्धा नाही. खाली पाडायची नाही. काम संपलं की पाती पुसायची, दोन पाती जोडणाऱ्या पेचावर तेलाचा एक थेंब सोडायचा आणि जुन्या मलमलीत गुंडाळून खणात ठेवायची. आणि रिकामी तर कधीच चालवायची नाही, कारण रिकामी कात्री चालली की त्या छपराखाली भांडण झालंच म्हणून समजा.

"आपा तिला फक्त जेवू घालत नाहीत," मुनेश म्हणायची. मुनेश केंद्रातली सगळ्यात फटकळ मुलगी. "नाहीतर लेकीसारखंच सगळं आहे."

तर तुमचा कागद आला. तीन वर्षं उलटलेल्या कात्र्या निकामी असल्याची खात्री करावी, निरीक्षकांसमक्ष हातोड्याने तोडाव्यात, मगच नव्या मिळतील. तारीख गुरुवारची. सामानाचा हिशेब ठेवणाऱ्या त्यागी बाबूंनी वही काढली. वहीत बारा. कपाटात मोजल्या, तर अकरा. बाबूंनी पुन्हा मोजल्या. मोजून वाढतात थोड्याच! शेवटी त्यांनी आपाचा खण उघडला, मलमल सोडली आणि लाल ऑइलपेंटने पात्यावर ठसठशीत '१२' काढला. फोटो काढला, यादीला जोडला, वर पाठवून दिला आणि निवांत चहा प्यायला गेले.

बुधवारी सकाळी आपाने मलमल उलगडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"त्यागी बाबू! हे काय आहे?"

"नंबर आहे."

"माझ्या अब्बांच्या कात्रीवर?"

"आपा, कात्री ती कात्री. तिच्यावर कुठे अब्बांचं नाव होतं?"

"पुसा आत्ताच्या आत्ता."

"पुसू कसा? यादी वर गेली, फोटोसकट. उद्या निरीक्षक साहेबांसमोर अकराच निघाल्या, तर बारावा मी तुटेन."

"आणि खरी बारावी कुठं गेली?"

बाबू छताकडच्या पंख्याकडे पाहू लागले. डिसेंबरात पंख्यात पाहण्यासारखं काय होतं कोण जाणे. "घरी नेली होती. दुधाच्या पिशव्या कापायला. एकदाच."

"मग आणा परत."

"बायकोने भांडीवालीला दिली. बदल्यात डबा घेतला. चांगला आहे हो डबा, घट्ट झाकणाचा. हवा असेल तर तो आणून..."

"डब्याने बाही बेतू का मी?"

"चिडू नका ना. साहेबांना सांगून टाका, ही माझी म्हणून. पावती आहे ना?"

साठ वर्षांपूर्वी मकबूल मास्टरांनी पावती घेतली नव्हती. तेव्हा कात्री विकत घेताना माणसं धार पाहायची. आपाने डोकं धरलं. आता पावती नव्हती, फोटो मात्र होता, आणि फोटोतली कात्री सरकारची होती. उद्या अब्बांच्या कात्रीवर हातोडा पडणार.

"मग दुसरी एखादी मेलेली ठेवा की हिच्या जागी," मुनेश म्हणाली. "कात्र्यांच्या गावात मेलेली कात्री मिळणार नाही होय?"

बाबूंनी मुनेशकडे असं पाहिलं, जणू तिने पंतप्रधान व्हावं.

दुपारी आपा रंगाचा डबा पिशवीत टाकून कैंची बाजारात बुन्दू चचांच्या दुकानी गेल्या. मकबूल मास्टरांची कात्री चचांच्या वडिलांनी घडवली होती, ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून. तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. चचांनी पात्यावरचा लाल बारा पाहिला आणि चष्मा काढून पुन्हा लावला.

"हिला गोंदवलं कुणी?"

"सरकारने."

"हात झडोत त्याचे."

आपाने सगळं सांगितलं. "तर चचा, हिच्यावरचा रंग काढा. आणि भंगारातली एक मेलेली द्या, हिच्याच मापाची. तिच्यावर असाच बारा काढा. धारबीर लावू नका. उद्या तोडायचीच आहे ती."

"तोडायची?" चचांनी तोंडात काही कडू आल्यासारखा चेहरा केला. "ठेव. सकाळी ये."

गुरुवारी धुकं असं पडलं होतं की ई-रिक्षाला पुढचं चाक दिसत नव्हतं. आपा चचांकडून गाठोडं आणि रंगाचा डबा घेऊन केंद्रावर पोचल्या, तर दारात निरीक्षकांची जीप उभी. बाबूंनी साहेबांना चहात गुंतवलं होतं. आपा मागच्या दाराने आत शिरल्या, गाठोडं सोडलं आणि मटकन खाली बसल्या.

आत दोन कात्र्या होत्या. दोन्ही दहा इंची, दोन्ही पितळी मुठीच्या, दोन्ही आरशासारख्या लखलखीत. दोन्हींच्या अंगठ्याच्या कडीला कोऱ्या सुताची पट्टी गुंडाळलेली. जुळ्या बहिणी जणू. आणि लाल रंगाचा ठिपका एकीवरही नाही.

आपाने फोन लावला.

"चचा, काय केलंत हे?"

"काय केलं? धार लावली."

"मी नको म्हटलं होतं!"

"बेटी, बापाच्या वेळेपासून या दुकानातून बोथट कात्री बाहेर पडली नाही. तुझ्या साहेबासाठी पडेल? ती भंगारातली फक्त गंजली होती बिचारी. पेच सैल झाला होता. आमच्याच घरची निघाली."

"आणि बारा नंबर?"

"पात्यावर रंग? थू! धारेची इज्जत असते."

"अहो, पण यातली माझी कोणती?"

"काय? चाक चालू आहे, ऐकू येत नाही..."

फोन बंद. तेवढ्यात बाबू धावत आले. "साहेबांचा चहा संपला! कोणती सरकारी?"

"तेच तर कळत नाही."

"मग कोणतीही!" म्हणून बाबूंनी हाताला लागली ती उचलली आणि रंगाच्या डब्यात बोट बुडवून तिच्यावर बारा ओढला. आपा 'थांबा' म्हणेपर्यंत कात्री लाल झाली होती.

आपाने दोन्ही हातांत तोलून पाहिल्या. वजन सारखं. मग त्यांना सुचलं, अब्बांची कात्री मिटताना एक सूर लावते. त्यांनी लाल बाराची कात्री हवेतच उघडली आणि मिटली. कर्रक्!

"आपा, रिकामी नका चालवू!" मुनेश किंचाळली.

"हा काय गोंधळ चालला आहे?" दारातून आवाज आला. निरीक्षक माथुर साहेब. गळ्यात वीतभर रुंद मफलर, मागे शिपाई, त्याच्या हातात हातोडा. भांडणाला यायला एवढासा वेळही लागला नाही. आपाने बिननंबरी कात्री ओढणीखाली सरकवली.

मेजावर बारा कात्र्या मांडल्या. बाजूला नव्या बारांचं खोकं.

"आधी ही चकाकणारी घ्या," साहेब म्हणाले. "खात्री करून तोडायची आहे. ओली मलमल, चार घड्या. कोण कापून दाखवतं?"

सगळ्यांनी आपाकडे पाहिलं.

आपाने कात्री उचलली. ही कात्री भंगारातली असेल, तर ती वाकडी धरायची, मलमल चुरगळू द्यायची. हातोडा पडला की प्रकरण संपलं. पण ही अब्बांची असेल, तर? वाकडी धरली की हातोडा अब्बांच्या कात्रीवर. सरळ धरली, तर यादीतली मेलेली कात्री जिवंत निघून बाबू गोत्यात. आपाने एकदा बाबूंकडे पाहिलं, एकदा हातोड्याकडे. आणि पुढचं त्यांनी ठरवलंच नाही. वीस वर्षांच्या सवयीचा हात, त्याने कात्री धरली ती सरळच धरली.

सुर्रर्र. चार घड्या दुभंगल्या. खालचा मेजपोश दुभंगला. आणि कात्री मिटली तेव्हा मेजावर टेकलेलं साहेबांच्या मफलरीचं टोक जमिनीवर पडलं.

"ही," साहेब ते टोक उचलत म्हणाले, "माझ्या बायकोने विणली आहे." आणि मग एकदम बाबूंवर कडाडले, "हिला मेलेली म्हणता? ही तोडली तर उद्या माझ्या पगारातून वसूल होईल! बाकीच्या दाखवा!"

बाकीच्या अकरांनी मलमल नुसती चघळली.

"एकाच दिवशी घेतलेल्या बारा. एक जिवंत, अकरा मेलेल्या. कसं काय, त्यागी?"

बाबू पुन्हा पंख्याकडे पाहू लागले. आपाला राहवेना. "कारण हिला काल धार लागली, साहेब, आणि यांना तीन वर्षांत एकदाही नाही. मी तीन वेळा अर्ज केला. ही बघा उत्तरं."

साहेबांनी उत्तरं वाचली. पहिलं झरझर, दुसरं सावकाश. दुसऱ्याच्या खाली सही त्यांचीच होती. त्यांनी अर्धी मफलर गळ्याभोवती आवळून घेतली, खोकले, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "धारवाला कुठे बसतो?"

बुन्दू चचा तासाभरात चाक घेऊन व्हरांड्यात हजर. पहिली कात्री, पेच काढला, गंज घासला, बाहेरच्या उतारावरून धार घेतली, आतली बाजू नुसती पुसली, पेच बसवला, तेलाचा थेंब. ओली मलमल, सुर्रर्र. दुसरी. तिसरी. मुली टाळ्या वाजवू लागल्या. सातवीला साहेब स्वतः मलमल धरून बसले. दोन वाजेपर्यंत अकराच्या अकरा उठून बसल्या.

"आता या नव्यांनाही जरा," साहेबांनी खोकं पुढे केलं.

चचांनी एक नवी कात्री उचलली, उलटीपालटी केली. "हिला पेचच नाही. जोड ठोकून बंद केलाय. आजारी पडली, तर वैद्याने शिरायचं कुठून?" आणि खोक्यात परत टाकली. साहेबांनी दुसरी एक चालवून पाहिली, तर ती मलमलीवर घसरली ती घसरलीच.

साहेबांनी बराच वेळ विचार करून लिहिलं, 'जुन्या बारा कात्र्या वापरण्यायोग्य, तोडू नयेत. नव्या बारा सुस्थितीत, कुलुपात ठेवाव्यात.' तोडफोडीचे छत्तीस फॉर्म भरायचे वाचले, म्हणून त्यांचा चेहराही उजळला होता. आपाने मफलरीच्या कडेला झटपट टाके घालून दिले. साहेब जीपमध्ये बसले, आणि बाबू जे खुर्चीत कोसळले ते दहा मिनिटं उठले नाहीत.

आपाने ओढणीखालची कात्री काढून चचांसमोर धरली. "आता तरी सांगा. ही माझी ना?"

चचांनी दोन्ही कात्र्यांचे पेच सैल केले. "तुझ्या अब्बांच्या पेचाखाली माझ्या बापाने तांब्याची चकती घातली होती." ओढणीतल्या कात्रीच्या पेचाखाली काही नव्हतं. लाल बाराच्या पेचाखाली तांबं चमकलं.

म्हणजे हातोड्यासमोर अब्बांचीच होती. हात वाकडा झाला असता तर! आणि आता साहेबांच्या सहीने ती कायमची सरकारची.

मुनेशने पात्यावर बोट टेकवलं आणि वर धरलं. बोट लाल झालं.

"या धुक्यात ऑइलपेंट वाळतोय कसला," ती म्हणाली.

बाबू खुर्चीतून उठले. रॉकेलचं फडकं त्यांनी स्वतः आणलं, स्वतः पुसलं, आणि दुसऱ्या कात्रीवर, चचांची नजर चुकवून, मुठीच्या आत अगदी बारीक बारा काढला. आपाने अब्बांची कात्री मलमलीत गुंडाळली, छातीशी धरली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मग हसूच फुटलं त्यांना, थांबेना.

तर साहेब, आता प्रश्न. त्या नव्या बारा कात्र्या कुलुपात आहेत. तीन वर्षांनी, एकही धागा न कापता, त्या तुमच्या वहीत म्हाताऱ्या होऊन मरतील, आणि बाहेर मुली जुन्यांनी कापड बेतत असतील. तेव्हा हातोडा घेऊन कुणाला पाठवणार? आणि तेलाच्या एका थेंबाला तुमच्याकडे तरतूद का नाही? बुन्दू चचा व्हरांड्यात वाट पाहत बसले आहेत. उत्तर लेखी द्या.